एका पारख्याचं वाक्य

बुधवार, २० मार्च

बेचाळीस चेंडू! मोजले मी. बेचाळीस वेळा टिये दार्दार वाकला, स्वतःच्याच पायांमधून मागे बघितलं आणि चेंडू पंधरा यार्ड मागे सोडला. तिथे कॉलेजचं सामान सांभाळणारा म्हातारा जोबे खुर्ची टाकून बसला होता. दोन्ही पंजे पोटासमोर उघडे. बेचाळीस वेळा चेंडू पंजात. जोबेला हात हलवायची वेळच आली नाही. एक चेंडू तर त्याने डोळे मिटून झेलला, गंमत म्हणून.

आणि शिवण — प्रत्येक वेळी वर. चेंडू गरगर फिरत येतो, पण जोबेच्या हातात पडताना शिवण त्याच जागी. एकदाही बाजूला नाही.

आठ क्लबांचे पारखी आले होते तिबदोच्या कॉलेजातल्या या चाचणीला. खरं तर सगळे त्या उंच पळणाऱ्या पोरासाठी आलेले. त्याचं झाल्यावर निम्मे गाड्यांकडे निघाले होते. पहिल्या पाच चेंडूंनंतर परत आले. मर्ल स्टोकार्ड माझ्या शेजारी उभा होता. त्याने हातातलं घड्याळ बघितलं, झटकलं, पुन्हा बघितलं. पाऊण सेकंदात चेंडू पोचला तर पोरगा चांगला समजतात. मर्लचं घड्याळ दाखवत होतं चौसष्ट शतांश.

"बिघडलंय वाटतं," मी म्हटलं.

"हे नाही बिघडलेलं," मर्ल म्हणाला. "आजवरची बाकीची सगळी बिघडलेली होती."

एकतीस वर्षं वर्तमानपत्रात अमेरिकन फुटबॉलवर लिहितेय मी. अंगावर असा काटा शेवटचा कधी आला ते आठवत नाही.

गुरुवार, २१ मार्च

केंड्राला समजावता समजावता हात टेकले. आमची नवी संपादक. वय एकतीस, शिकागोहून आलेली, तिथे नगरपालिकेच्या बातम्या करायची. हुशार आहे, पण चेंडू गोल असतो की लांबट हे तिला इथे येऊन कळलं.

"म्हणजे हा मुलगा फक्त चेंडू मागे देतो?"

"लाथ मारणाऱ्याला देतो. सामन्यात आठ-दहा वेळा."

"आणि बाकी वेळ?"

"बाकावर बसतो."

"आणि यासाठी त्याला कुणी पगार देणार?"

"चुकला तर सामना जातो, केंड्रा. चार वर्षांत सहाशे बारा चेंडू दिलेत याने. चूक शून्य. म्हणून तर त्याचं नाव कुणाला माहीत नाही. या कामात नाव होतं ते फक्त चुकणाऱ्याचं."

मग ड्राफ्ट समजावला. एप्रिलअखेर तीन दिवस सगळे क्लब ओळीने एकेक पोरगा निवडतात, सात फेऱ्या. ज्याने नाव घेतलं त्याच्याकडे जायचं. पोराला कुणी विचारत नाही.

"मुलीला न विचारता लग्न ठरवतात तसं," ती म्हणाली. तीनशे शब्द मंजूर केले.

घरी क्लोव्हिसला सांगितलं. माझा नवरा आयुष्यभर टगबोटीवर होता, त्यामुळे त्याला सगळ्याच गोष्टींवर मत असतं. म्हणाला, "जगाला पार्श्वभाग दाखवून नाव काढणारा आपल्या बायूतला, या दलदलीच्या खाडीतला, पहिलाच." आणि स्वतःच हसत बसला.

शुक्रवार, २९ मार्च

दार्दारांकडे जाऊन आले. रस्ता संपतो, मग शिंपल्यांचा रस्ता, मग तोही संपतो, तिथे त्यांचं खांबांवरचं घर आणि बोट. अल्सीद दार्दार — टियेचा बाप — साठीचा, हात वल्ह्यासारखे. टियेची आई दहा वर्षांमागे गेली. घरात ही दोनच माणसं.

बोटीवर बसवून नेलं मला. टिये चाक धरून, अल्सीद जाळ्यापाशी. कोळंबीचा हंगाम अजून उघडलेला नाही, नुसतीच चक्कर. ओहोटीला त्या चिखलातून बोट काढायची म्हणजे — मी कठडा घट्ट धरून बसले होते. टिये मात्र शीळ घालत होता.

"चेंडू कुठे शिकलास?"

"इथेच, मिस ओडेल. लहानपणी पापा जाळं ओढायचे, मी कोळंबी निवडायचो. खेकडे मागे फेकायचे असतात ना पाण्यात. वाकलेलोच असायचो, मग पायांमधून फेकायचो. पापा म्हणायचे, खेकडा कठड्याला लागला तर आज तुला जेवण नाही."

"कधी उपाशी राहिलास?"

"दोनदा," पलीकडून अल्सीद म्हणाला. "आणि दोन्ही वेळा वारा होता, म्हणून जेवू घातलं."

अल्सीदला बोलतं करावं लागत नाही. चर्चच्या सभागृहात मोठा टीव्ही लावणार आहेत ड्राफ्टला. शेजारणींनी केकची वाटणी करून घेतली आहे. फादरनी शनिवारचा एक बाप्तिस्मा पुढे ढकलला. आमच्या बायूच्या या टोकाचं नाव टीव्हीवर आजवर फक्त वादळात आलंय, तो म्हणाला. "या वेळी कोट घातलेला माणूस व्यासपीठावर येणार आणि दार्दार म्हणणार. नीट म्हणता येणार नाही त्याला. तरी म्हणणार."

स्पोकेनच्या क्लबचा फोन दोनदा आलाय. पार वायव्येच्या कोपऱ्यातला क्लब, तीन हजार किलोमीटर लांब. शेवटच्या फेरीत घेऊ म्हणतात. बॅटन रूजच्या क्लबलाही — म्हणजे आपल्याच, दोन तासांवरच्या — पोरगा हवा आहे, पण चेंडू मागे देणाऱ्यावर ते निवड वाया घालवत नाहीत.

"स्पोकेनला बर्फ असतो रे," मी टियेला म्हटलं.

"हो म्हणतात," टिये म्हणाला आणि बोट वळवली.

सोमवार, १ एप्रिल

खोटं बोलायचा महिना सुरू. आमच्या धंद्यात एप्रिल फूल एक दिवस नाही, तीस दिवस असतो. हवा असलेल्या पोराला नावं ठेवायची, नको असलेल्याला डोक्यावर घ्यायचं. सगळे क्लब करतात. आम्ही छापतो.

बुधवार, १० एप्रिल

आज मर्लने जेवायला बोलावलं. रस्त्याकडेच्या त्या क्रॉफिशच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांच्या, टपरीत, जिथे टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ढीग ओततात. आमचंच वर्तमानपत्र होतं. माझाच फोटो मसाल्याने लाल झाला.

मर्ल बॅटन रूजच्या क्लबचा पारखी. चोवीस वर्षांची ओळख. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा हा सहा तास गाडी चालवून आला होता. दर एप्रिलमध्ये मी 'पारखी म्हणतात' हे सदर लिहिते — पोरांबद्दल जाणकारांची मतं, नावं न देता. नाव दिलं तर कुणी तोंडच उघडणार नाही. मर्ल कधीच उघडत नाही. चोवीस वर्षांत त्याने या सदरासाठी एक शब्द दिलेला नाही. "पाठीमागून बोलायचं तर बायकोबद्दल बोलेन, पोरांबद्दल नाही," म्हणायचा.

आज म्हणाला, "दार्दारबद्दल लिही. माझं नाव न घालता."

मी वही काढली. वाटलं, आता कौतुक.

"त्याचं मन खेळात नाही. वर्षभरात सोडून कोळंबीच्या बोटीवर परत जाईल. त्याच्यावर निवड खर्च करणारा क्लब हात चोळत बसेल."

मी पेन खाली ठेवलं. "मर्ल, तू घड्याळ झटकलंस त्या दिवशी."

"हात सोन्याचे आहेत. मी मनाबद्दल बोलतोय."

"कुणी सांगितलं तुला?"

"ज्याला माहीत असायला हवं त्याने."

तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच. माझ्याकडे न बघता क्रॉफिश सोलत होता, एकेक, आणि खात एकही नव्हता.

नियम मला पाठ आहे. एकाच माणसाच्या तोंडचं छापायचं नाही, दुसऱ्याकडून खात्री करायची. तरुण पोरांना मीच शिकवते हे. पण मर्ल! मर्ल खोटं बोलत नाही. बाकी सगळे बोलतात, म्हणून तर मर्ल मर्ल आहे.

रविवार, १४ एप्रिल

छापलं. "एका अनुभवी पारख्याच्या मते..."

मंगळवार, १६ एप्रिल

केंड्रा खूश. देशभरच्या चार संकेतस्थळांनी उचललं. 'कोळंबीवाला पोरगा फुटबॉल सोडणार?' असे मथळे. माझ्या वाक्यात प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं, त्यांना निदान ते लावावंसं वाटलं. एवढा प्रामाणिकपणा मी केला नाही.

दुपारी अल्सीदचा फोन. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"मिस ओडेल, हे कोण म्हणालं?"

"नाही सांगता येत, अल्सीद. शब्द दिलाय."

"बरं. शब्द दिला असेल तर नकोच सांगू." मागे बोटीचं इंजिन चालू होतं. "माझ्या बोटीपायी पोराचं नुकसान होतंय, असं म्हणायचंय का त्यांना?"

नाही म्हटलं. नाही नाही, तसं नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल. गुड फ्रायडे

दरवर्षीप्रमाणे खालच्या बायूत क्रॉफिश उकडायला गेलो. क्लोव्हिस म्हणाला होता, यंदा नको जाऊया. मीच हट्टाने गेले. बटाटे वाढले, मका वाढला, हवं-नको विचारलं. फक्त माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

अल्सीदच्या बोटीवर पुठ्ठा लावलाय. 'विकणे आहे.' अक्षर त्याचंच.

"आता कुणी म्हणायचं नाही की पोराला परत यायला जागा आहे," तो म्हणाला. समजूत घालावी तसं मलाच सांगत होता. चाळीस वर्षांची बोट. तिच्यावर नाव त्याच्या बायकोचं.

टिये दूर उभा राहून पुठ्ठ्याकडे बघत होता. पांढराफटक. मी जवळ गेले. "टिये, जे छापलं त्याबद्दल—"

"तुम्ही तुमचं काम केलंत, मिस ओडेल." आणि घाईने निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.



शनिवार, २७ एप्रिल

सकाळपासून सभागृहात. दीडशे माणसं, केक, मोठा टीव्ही. मी मागच्या दारापाशी उभी. टिये आणि अल्सीद पहिल्या रांगेत. अल्सीदने लग्नातला कोट घातला होता, बाह्या आखूड झालेल्या. फोन दोघांच्या मधे टेबलावर ठेवलेला.

चौथी फेरी, पाचवी, सहावी. सातव्या फेरीत स्पोकेनची पाळी आली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. कोटवाला व्यासपीठावर आला. नाव घेतलं टेक्सासच्या कुणाचं तरी.

लोक बसले. एक बाई मोठ्याने म्हणाली, "टेक्सासच्याला काय करायचंय बर्फात?"

मग शेवटची आठ नावं शिल्लक असताना फोन वाजला! अल्सीदने तो झडप घालून टियेच्या कानाला लावला. समोरचा आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता, पण टिये म्हणाला, "हो सर. बॅटन रूज. हो, येईन" — आणि सभागृह फुटलं. टोप्या उडाल्या, फादरने मुलांच्या अंगावर लिंबाचं सरबत सांडलं, अल्सीद खुर्चीवर चढून रडायला लागला. चर्चची घंटा वाजवायला कुणीतरी धावलं. वाजलीसुद्धा.

मला कळलं होतं. अशा वेळचे फोन ओळखते मी. निवडत नाही आहोत, पण कुणीच नाही निवडलं तर आमच्याकडे ये — तो फोन. टिये बापाला खाली ओढत होता, कानात सांगत होता. बापाला ऐकू जात नव्हतं. आठ नावं वाचली गेली. त्यात दार्दार नव्हतं. दीडशे माणसं हळूहळू गप्प होत गेली. वर घंटा मात्र वाजतच होती. घंटा वाजवणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर टियेचा फोन सहादा वाजला. जो निवडला जात नाही तो मोकळा असतो, हव्या त्या क्लबला हो म्हणू शकतो. स्पोकेननेही बोलावलं. प्रत्येकाला टिये शांतपणे म्हणाला, आभारी आहे सर, बॅटन रूजला शब्द दिलाय.

एवढा शांत! बावीस वर्षांचं पोर. आयुष्यभराचं स्वप्न दीडशे माणसांसमोर मोडलं आणि हा प्रत्येकाला हात मिळवून आल्याबद्दल आभार मानत होता. केकचे तुकडे स्वतः वाटले. मलाही आणून दिला. मी तो हातात धरून उभी राहिले, आणि त्या पोरापुढे मला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं.

अल्सीद कोट काढून घडी घालत होता.

रविवार, २८ एप्रिल

चर्चला गेले नाही.

शनिवार, ११ मे

बॅटन रूज. नव्या पोरांचं शिबिर. टिये आला, वाकला, आणि मैदानावरच्या सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. जुने खेळाडूसुद्धा. लाथ मारणारा, चौदा वर्षं खेळलेला माणूस, दहाव्या चेंडूनंतर टियेजवळ गेला आणि त्याचे हात उलटेसुलटे करून बघायला लागला, बाजारात फळ बघतात तसे. टिये लाजला.

मला मात्र हसू टिकलं नाही. कारण पुढे हे झालं. क्लबच्या कार्यालयातला एक उत्साही गडी मला म्हणाला, "आम्हाला तर फेब्रुवारीपासून माहीत होतं. मर्लने लिहूनच दिलं होतं." आणि अभिमानाने कागद दाखवला. मर्लचं अक्षर. तारीख सतरा फेब्रुवारी. 'एवढे अचूक हात आजवर पाहिले नाहीत. खेळावर जीव आहे. पंधरा वर्षं खेळेल. मन भक्कम.'

मन भक्कम!

मी तो कागद तीनदा वाचला. मग बाहेर येऊन गाडीत बसले. ऊन मी म्हणत होतं तरी काच खाली केली नाही.

निवड खर्च न करता पोरगा फुकटात मिळवला. त्यासाठी माझं सदर वापरलं. आणि मी, शहाणी, चोवीस वर्षांच्या भरवशावर दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही.

सोमवार, १३ मे

मर्लकडे गेले. अंगणात मासेमारीचे गळ नीट लावत बसला होता. फेब्रुवारीच्या कागदाचं सांगितलं.

"माझ्याशी खोटं बोललास?"

"हो."

एवढंच! मी तयारी करून गेले होते — तो नाकारेल, मग मी हे म्हणेन, मग ते म्हणेन.

"का?"

गळाच्या दोऱ्याची गाठ सोडवत राहिला. नखाने.

"क्लबने सांगितलं होतं?"

"नाही. क्लबला यात आणू नकोस."

"मग का, मर्ल? त्या म्हाताऱ्याने बोट विकायला काढलीय. त्या सभागृहात घंटा वाजवली त्यांनी, ठाऊक आहे तुला?"

तेव्हा त्याने वर बघितलं. डोळे लाल. "घंटेचं नव्हतं ठाऊक," म्हणाला.

"मी नाव छापणार आहे तुझं. खोटं बोलणाऱ्याला दिलेला शब्द पाळायचा नसतो."

"तुझा नियम योग्य आहे. लिही, ओडेल."

"एवढंच बोलणार आहेस?"

"जेवून जातेस का?" मर्ल म्हणाला.

निर्लज्जपणाला काही सीमा!

मंगळवार, १४ मे

झोप नाही. माझ्या पहिल्या संपादकाने, म्हाताऱ्या बूद्रोने, मला टेबलापाशी उभं करून शिकवलं होतं: नाव लपवायचं वचन हा सौदा असतो. तू मला खरं दे, मी तुला आडोसा देतो. खरं दिलं नाही तर सौदा मोडला. बरोबर आहे ते. आजही बरोबर आहे. मग हात का जड होतोय?

केंड्रा म्हणाली, "हे छापलंच पाहिजे." या वेळी तिने वाचकसंख्येचं नाव काढलं नाही, हे लिहून ठेवते. म्हणाली, "पण आपली चूकही त्याच बातमीत. तुमची. एकाच माणसावर विसंबलात ती." मान्य केलं. पोरगी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे या बाबतीत.

क्लोव्हिस बटाटे सोलता सोलता म्हणाला, "टियेला विचारलंस?"

"टियेला काय विचारायचं? अन्याय त्याच्यावरच झालाय."

"म्हणूनच विचारायचं."

"त्याच्या जखमेवर आणखी मीठ चोळू?"

"मी आपला टगबोटवाला," म्हणाला आणि सालं फेकायला उठला.

गुरुवार, १६ मे

छापून आलं. पहिल्या पानावर. मर्लचं नाव, फेब्रुवारीचा कागद, माझी चूक, सगळं. शेवटी लिहिलं: टिये दार्दारचं मन खेळात नाही, हे वाक्य खोटं होतं. ते मी छापलं. मी त्याची, त्याच्या वडिलांची आणि वाचकांची क्षमा मागते.

सकाळपासून फोन. देशभरचे पत्रकार. कुणीतरी म्हणालं, धंद्यात अजून असे लोक आहेत तर. खोटं का बोला, बरं वाटलं.

मंगळवार, २१ मे

क्लबने मर्लला काढून टाकलं. सदतीस वर्षांची नोकरी. त्याने एक ओळसुद्धा खुलासा केला नाही. टीव्हीवाले त्याच्या फाटकाबाहेर उभे होते, तर हा त्यांना थंड पाणी देऊन आत गेला म्हणे.

संध्याकाळी अल्सीद आला. हंगाम उघडलाय. बर्फाची पेटी भरून कोळंबी, तुटक्या इंग्रजीत भाषण, आणि मध्येच घरच्या फ्रेंचमध्ये रडणं. पुठ्ठा काढलाय बोटीवरचा. "त्या केकवाल्या शेजारणी बोलेनाशा झाल्या होत्या ना, त्यांनी पुन्हा सुरुवात केली बघ. आता म्हणतात, पोराला लुबाडलं. लुबाडलेला पोरगा म्हणजे चांगलाच असणार ना." मला मिठी मारली. "तू देवमाणूस आहेस, मिस ओडेल." जाताना दाराशी थांबला, गाडी कुठल्या बाजूला लावलीय ते विचारलं, हसला, गेला.

क्लोव्हिसने कोळंबी साफ केली. आम्ही दोघांनी पोटभर खाल्ली. महिन्याभरात पहिल्यांदा अन्नाला चव लागली.

रविवार, २६ मे

दुपारी टिये आला. बसला नाही. मागच्या दारात उभ्या उभ्याच म्हणाला, "ते वाक्य मिस्टर मर्लचं नव्हतं. माझं होतं."

मार्चमध्ये पापा दोनदा स्वतःच्याच खाडीत वाट चुकले. चाळीस वर्षांची खाडी. दुसऱ्या वेळी टियेने जाऊन आणलं, तर त्यांनी विचारलं, तू कोणाचा रे? डॉक्टर म्हणाले, आता वाढतच जाणार. स्पोकेनने नाव घेतलं असतं तर जावं लागलं असतं; बॅटन रूज घरापासून दोन तासांवर. पापांना सांगून थांबला असता तर पापांनीच हाकलला असता. म्हणून मर्लच्या पाया पडला — कुणी मला निवडणार नाही असं काहीतरी करा. आणि पापांना कधीही कळू देऊ नका.

"मिस ओडेल, तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

तो गेल्यावर मर्लला फोन केला. उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "छापू नकोस."

नाहीच छापता येणार. खरं छापलं तर पहिल्यांदा अल्सीद वाचणार. अंगणात गळ सोडवत बसला होता तेव्हाच मर्लला हे सगळं दिसत होतं, आणि तरी तो मला म्हणाला, लिही.